शाळेच्या आवारात वाळवंटी कासव पाळावे का?

आंबेमोहोर

नमस्कार. आम्ही दक्षिण नेवाडात, लास व्हेगासजवळ राहतो. माझी मुलगी इथल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीत आहे आणि त्या शाळेच्या पालक-शिक्षक समितीवर मी दोन वर्षांपासून काम करते आहे. गेल्या बैठकीत शाळेच्या विज्ञानशिक्षिकेने एक प्रस्ताव मांडला. शाळेच्या मागे भिंतीने बंदिस्त अशी मोकळी जागा आहे. तिथे बीळ, सावली आणि स्थानिक झाडे यांची व्यवस्था करावी आणि मोहावी वाळवंटातले एक कासव दत्तक घ्यावे, म्हणजे संवर्धन हा विषय मुलांना पुस्तकाबाहेर शिकता येईल, असा तो प्रस्ताव आहे. कासव रानातून आणायचे नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. ज्यांना पाळणे झेपले नाही अशा घरांतून परत आलेली कासवे इथे पुष्कळ आहेत आणि ती अधिकृत संस्थेमार्फत दत्तक मिळतात.

बहुतेक पालकांना हे ऐकून आनंद झाला. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक प्रसंग घोळतो आहे. गेल्या वसंतात रेड रॉक कॅन्यनच्या रस्त्यालगत आम्हाला एक कासव दिसले. मुलगी लगेच म्हणाली, “आई, त्याला तहान लागली असेल, आपण त्याला घरी नेऊ या.” कासवांना हात लावू नये असे तिथल्या फलकावर लिहिले होते, म्हणून मी तिला अडवले. परंतु का लावू नये, हे मला सांगता आले नाही. आता शाळेनेच भिंतीआड एक कासव ठेवले, मुलांनी त्याला खाऊपिऊ घातले, तर प्राणी वाचवायचा म्हणजे तो उचलून आपल्याकडे आणायचा, हाच अर्थ तिच्या मनात पक्का होणार नाही का?

दुसरी शंका व्यवहाराची आहे. इथल्या शाळा मेच्या अखेरीस बंद होतात आणि ऑगस्टमध्ये उघडतात, तर कासव साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी बिळात निद्रिस्त असते. मग मुलांना ते दिसणार तरी किती दिवस? शिवाय हा प्राणी पन्नास ते ऐंशी वर्षे जगतो असे वाचले आहे. आज तिसरीत असलेली मुले आजी-आजोबा होईपर्यंत ते कासव शाळेत असेल, पण आज उत्साहाने पुढे आलेल्या शिक्षिका तेव्हा नसतील.

पुढच्या महिन्यात मला समितीपुढे लेखी मत मांडायचे आहे. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडूफळा

आंबेमोहोरताई, मी दक्षिण ॲरिझोनातल्या एका शाळेत शिकवतो आणि आमच्या शाळेत अकरा वर्षांपासून असे कासव आहे. आधी एक खुलासा. आमचे कासव सोनोरन वाळवंटातले आहे. कोलोरॅडो नदीच्या पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची कासवे 2011 मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळखली गेली, आणि त्यांचे नियम आमच्या राज्याचे आहेत. तुमच्याकडचे कासव राज्याच्या सीमेपलीकडे नेता येत नाही, तसेच आमच्याकडचे तुमच्याकडे आणता येत नाही. तेव्हा कायद्याच्या बाबतीत नेवाडाच्या वन्यजीव खात्याचेच ऐका. मी फक्त शिकवण्याविषयी लिहितो.

तुमची पहिली भीती अगदी खरी आहे, कारण आमच्याकडे नेमके तेच घडले. पहिली तीन वर्षे आम्ही कासवाचा वाढदिवस साजरा केला, त्याला लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी खाऊ घातल्या, प्रत्येक वर्गाला पाळीपाळीने ते हातात घेऊ दिले. मुले फार खूश होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी चौथीच्या वर्गाला एकच प्रश्न लिहायला दिला: वाळवंटी कासव कुठे राहते? निम्म्याहून अधिक मुलांनी उत्तर लिहिले, “शाळेच्या मागे.” त्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. चूक मुलांची नव्हती. आम्ही त्यांना तेवढेच दाखवले होते.

त्यानंतर आम्ही बऱ्याच गोष्टी बदलल्या. कासवाला उचलणे पूर्ण बंद केले. वाळवंटी कासव आपल्या मूत्राशयात पाणी साठवून ठेवते आणि पावसाशिवायचे कित्येक महिने त्या साठ्यावर काढते. कोणी अचानक उचलले तर भीतीने ते हा साठा सोडून देते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असे झाले तर रानातले कासव त्यामुळे मरूही शकते. तुमच्या मुलीला त्या दिवशी जे सांगायचे राहून गेले ते हेच आहे. तिने दयेपोटी उचलले असते आणि त्याच दयेने त्याचे पाणी गेले असते. हे कारण एकदा कळले की सातआठ वर्षांची मुलेदेखील एकमेकांना अडवतात, हे मी दरवर्षी पाहतो.

दुसरा बदल आहाराचा. आता बाहेरून काही आणून खाऊ घालत नाही; जे आवारात उगवते तेच कासव खाते. मुलांनी ग्लोबमॅलो लावले, जे आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातले आहे आणि ज्याची नारिंगी फुले कासवाला अतिशय आवडतात. फड्या निवडुंगाची पाने आणि फळे आहेत, स्थानिक गवते आहेत. कोणत्या झाडाचे कोणते पान खाल्ले गेले याची नोंद मुले रोज ठेवतात. या नोंदींतून त्यांच्या लक्षात आले की कासव एकाच झाडावर चरत नाही, चार घास इथे आणि दोन घास तिथे घेत हिंडते. मग रानात त्याला हिंडायला केवढी जागा लागत असेल, हा प्रश्न मुलांनीच विचारला. तो प्रश्न यावा म्हणून मी तीन वर्षे धडपडत होतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे बीळ. हा प्राणी आयुष्यातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास काळ जमिनीखाली काढतो. म्हणजे कासव दिसत नाही ही त्याची नेहमीची स्थिती आहे, आणि मुलांना तेच शिकवायचे आहे. आम्ही लांब तारेचा तापमापक बिळाच्या आत सोडला आहे, दुसरा तोंडाशी आहे आणि तिसरा उघड्या वाळूवर. मुले तिन्ही आकडे रोज फळ्यावर लिहितात. बाहेरचा आकडा दिवसभरात प्रचंड वरखाली होतो, आतला मात्र जेमतेम हलतो. हिवाळ्यात कासव चार महिने दिसत नाही तेव्हाही या नोंदी चालू असतात, आणि ते कोणत्या दिवशी बाहेर येईल याचा अंदाज प्रत्येक वर्ग आकड्यांवरून बांधतो. तेव्हा ताई, निद्रेचे महिने वाया जातात असे समजू नका.

उन्हाळ्याच्या सुटीवर मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. आमची कासवे जुलैपासूनच्या पावसाळी सरींत सर्वांत जास्त हिंडतात, आणि नेमके तेव्हा शाळेत चिटपाखरू नसते. तीन कुटुंबांकडे आवाराच्या किल्ल्या आहेत. कोणी कोणत्या आठवड्यात यायचे हे मेमध्येच लेखी ठरते. कासवाचा जबाबदार पालक म्हणून एका शिक्षिकेचे नाव कागदावर आहे आणि त्यांच्यानंतर कोण, हेही त्याच कागदावर आहे. हा दुसरा कागद तयार होत नसेल तर कासव आणू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

पशुमित्र

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो आणि आमच्याकडे येणाऱ्या कासवांपैकी बरीचशी चुकीच्या काळजीमुळे आजारी पडलेली असतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

आवारात कण्हेर किंवा घाणेरी असेल तर ती मुळासकट काढा; या दोन्ही वनस्पती विषारी आहेत आणि इथल्या बागांत त्या सर्रास लावलेल्या असतात. कुत्र्याला तिथे कधीही शिरू देऊ नका. घरातला शांत कुत्रादेखील कासवाचे कवच हाडासारखे चघळतो. नाक वाहणे, डोळे सुजणे, खाणे सोडणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी वैद्य गाठा, कारण मायकोप्लाझ्मा जिवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग या कासवांत दीर्घकाळ टिकून राहतो. आणि कासव एकच ठेवा. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना उलथवेपर्यंत झुंजतात, आणि नर-मादी ठेवल्यास अंडी होतात, ज्यांतून निघालेल्या पिल्लांना पुन्हा घरे शोधावी लागतात. कासव एकटे पडेल म्हणून त्याला सोबती आणू या, असे मुले हमखास म्हणतील. त्यांना सांगा की हा प्राणी एकांतात राहणारा आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, प्राणी पूर्ण निरोगी दिसत असला तरीही. त्यामुळे आवारातून बाहेर पडताना प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. पाच वर्षांखालच्या बालवर्गाला तर लांबूनच दाखवा.

पायवाट

मी मोहावीत कासवांची गणना करणाऱ्या पथकांबरोबर काही हंगाम चाललो आहे. माझे मत वरील दोघांपेक्षा थोडे वेगळे आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आम्ही नकाशावर आखलेल्या सरळ रेषांवरून मैलोगणती चालतो, दोन्ही बाजूंना पाहत. क्रिओसोटच्या झुडपाखाली अर्धचंद्राच्या आकाराचे, तळाला सपाट आणि वर कमानदार असे तोंड दिसले की थांबायचे आणि हातातल्या आरशाने सूर्याचा कवडसा बिळात सोडायचा. कधी आत धुळकट कवच चमकते. पुष्कळदा बीळ रिकामे असते. 2004 ते 2014 या दहा वर्षांत, खास संरक्षणाखालच्या क्षेत्रांतसुद्धा, प्रौढ कासवांची संख्या एकंदरीत सुमारे एक तृतीयांशाने घटली. ईशान्य मोहावीत ती वाढली हे खरे, पण इतर भागांतली घट त्याहून मोठी होती. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये या कासवाला नामशेष होण्याच्या धोक्याच्या अधिक गंभीर श्रेणीत हलवण्याचा निर्णय घेतला. दिवसभर चालून एकही कासव न दिसणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे.

ही घट एका कारणाने झालेली नाही. रस्ते आणि वसाहती तर आहेतच. परंतु मुलांना सांगण्यासारखी दोन उदाहरणे मला विशेष वाटतात. पहिले रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांचे. ते वाळवंटाला परके नाहीत, पण आपला उघडा कचरा, गळके नळ आणि विजेचे खांब यांच्या आधारावर त्यांची संख्या गेल्या काही दशकांत अनेक पटींनी वाढली. कासवाच्या पिल्लाचे कवच पहिली पाचसात वर्षे मऊ असते, आणि कावळा ते चोचीने सहज फोडतो. काही घरट्यांखाली अशा फुटक्या कवचांचा खच सापडतो. आपल्याकडे कूर्मदृष्टी म्हणतात. कासवी नुसत्या नजरेने पिल्ले वाढवते अशी ती सुंदर कल्पना आहे. मोहावीतल्या पिल्लाला अशी नजर मिळत नाही. अंड्यातून बाहेर पडल्या क्षणापासून ते एकटे असते, आणि मादी प्रजननक्षम व्हायला तेरा ते वीस वर्षे लागतात. म्हणूनच शाळेतल्या डब्यांचे झाकणबंद कचरापेटीत जाणे हा कासवांचा विषय आहे.

दुसरे उदाहरण गवताचे. बाहेरून आलेली रेड ब्रोमसारखी गवते आता झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतात. पूर्वी त्या मोकळ्या जागांमुळे वाळवंटात आग पसरत नसे. आता वाळलेले गवत ती एका झुडपाकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. 2005 मध्ये दक्षिण नेवाडात आणि 2023 मध्ये मोहावी राष्ट्रीय राखीव क्षेत्रात, जिथून यॉर्क आग तुमच्या राज्यातही शिरली, हेच झाले. वाचलेल्या कासवाला पुन्हा खायला मिळते तेही बहुधा तेच निकस गवत. खडूफळा यांच्या शाळेत मुले स्थानिक झाडे लावतात, त्याचे महत्त्व मला म्हणूनच वाटते.

आता मुद्द्यावर येतो. शाळेने कासव पाळल्याने रानातले एकही कासव वाचत नाही, हे समितीने आधी मान्य करावे. तुम्ही दत्तक घ्याल ते कासव पुन्हा कधीही रानात जाऊ शकत नाही. माणसांकडे राहिलेल्या कासवाला रोगाचा संसर्ग झालेला असू शकतो, आणि असे एक कासव दयाळूपणे सोडून दिल्याने बिळाबिळांतून तो रोग पसरू शकतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या राखीव क्षेत्रात श्वसनरोगाची साथ दिसली, तेव्हा सोडून दिलेल्या पाळीव कासवांवर गंभीर संशय घेतला गेला. ऑगस्ट 1989 मध्ये या कासवाला तातडीने संरक्षण द्यावे लागले त्यामागे ही साथ हे एक मोठे कारण होते. एप्रिल 1990 मध्ये कायमस्वरूपी संरक्षण मिळाले ते त्यानंतर.

लास व्हेगासला या कासवांसाठी एक मोठे केंद्र होते, ते 2014 मध्ये बंद झाले. बांधकामांमुळे बेघर झालेल्या रानटी कासवांसाठी ते उभारले होते, परंतु लोकांनी आणून दिलेल्या पाळीव कासवांनी ते भरून गेले. परसात पैदास झालेली, हौस फिटल्यावर नकोशी झालेली अशी ती कासवे होती. नेवाडाने 2013 पासून एका घराला नव्याने एकच कासव, अशी मर्यादा घातली तिची पार्श्वभूमी ही आहे.

त्यामुळे माझी पहिली पसंती कासव न आणण्यालाच राहील. तुमच्या क्लार्क काउंटीत 2000 सालापासून ‘मोहावी मॅक्स’ नावाच्या कासवाचा उपक्रम चालतो. ते कासव हिवाळ्यानंतर बिळातून कोणत्या दिवशी, किती वाजता बाहेर येईल याचा अंदाज शाळांतली मुले नोंदवतात. 2023 मध्ये तर ते एप्रिलच्या उत्तरार्धात बाहेर आले, इतका तो हिवाळा लांबला होता. दिवसाची लांबी, तापमान, पाऊस हे सगळे त्या एका प्रश्नात येते आणि त्यासाठी शाळेला भिंतही बांधावी लागत नाही. परंतु घर नसलेल्या एका कासवाला चांगले घर द्यायचे, हा हेतू स्वच्छ असेल, तर माझा विरोध नाही. फक्त त्याला संवर्धन म्हणू नका. मुलांना सांगा की माणसांच्या चुकीमुळे या कासवाचे रान कायमचे सुटले आहे, आणि आता शेवटपर्यंत त्याला सांभाळणे हे आपल्याकडे आलेले काम आहे.

आंबेमोहोर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. काल मुलीला मूत्राशयातल्या पाण्याविषयी सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे मी त्याला उचललं असतं तर त्याचं पाणी सांडलं असतं.” वर्षभर माझ्याकडे नसलेले उत्तर तिने एका वाक्यात म्हणून दाखवले.

पायवाट, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला आहे, पण तो तिसरीतल्या मुलांना पेलेल का, ही काळजी वाटते. ‘हे कासव घरी जाऊ शकत नाही’ असे सांगितल्यावर मुले रडतील, आणि काही पालक तक्रार करतील की शाळा मुलांना उदास करते आहे. खडूफळा, तुम्ही हे वर्गात कसे सांगता?

खडूफळा

ताई, दरवर्षी एखाददुसरे मूल रडते. मी त्याला थांबवत नाही. आम्ही आवाराच्या भिंतीशी उभे राहतो आणि मी सांगतो की आपल्या कासवाला कोणीतरी लहानपणी उचलून घरी नेले होते. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, त्याला कासव आवडले होते. नंतर मी मुलांना विचारतो की त्या माणसाला त्या वेळी तुम्ही काय सांगितले असते. त्यावर मुले जे लिहितात ते मी आवाराच्या दारावर लावतो, आणि पालकांच्या सभेला आलेली माणसे ते थांबून वाचतात. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

पायवाट यांच्या सूचनेनंतर मी आमच्या दारावरची ‘संवर्धन प्रकल्प’ ही पाटी काढून टाकायची ठरवली आहे. त्या जागी काय लिहावे, हे मुलांनाच विचारणार आहे.

आंबेमोहोर

समितीला देण्याच्या मतात मी चार अटी घालते आहे: जबाबदार व्यक्तीचे आणि तिच्यानंतरच्या व्यक्तीचे नाव लेखी असावे, उन्हाळ्याच्या पाळ्या आधी ठरलेल्या असाव्यात, कासवाला कोणीही उचलू नये, आणि कासव येण्यापूर्वी एक पूर्ण वर्ष मुलांनी रिकाम्या आवारात स्थानिक झाडे लावून तापमानाच्या नोंदी ठेवाव्यात. त्या वर्षात मोहावी मॅक्सच्या अंदाजात भागही घेता येईल. वर्ष संपल्यावरही शाळेची तयारी आणि इच्छा टिकून असेल तरच संस्थेकडे अर्ज करावा. विज्ञानशिक्षिकांशी आज बोलणे झाले. त्यांना चौथी अट सर्वांत जास्त आवडली. त्या म्हणाल्या की मागच्या भिंतीलगत कण्हेरीची मोठी रांग आहे, ती काढायलाच एक महिना जाईल.

खडूफळा, तापमापक बिळात किती खोलवर सोडता आणि त्याची तार कासवाच्या पायात येऊ नये म्हणून काय करता, तेवढे कृपया कळवा.

खडूफळा

कासव येण्याच्या आधीच बसवा. बीळ बांधताना छपरावर माती टाकण्यापूर्वी, अगदी मागच्या टोकाला छपरालगत एक अरुंद नळी आडवी ठेवा आणि तार तिच्यातून मागच्या बाजूने बाहेर काढा. बिळाच्या तोंडातून तार कधीही आत नेऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी तशीच नेली होती आणि दुसऱ्याच दिवशी कासवाने ती ओढून तोडली. नोंदवहीच्या एका पानाचा नमुना उद्या इथेच देतो.